संपतच्या कुस्तीची सीडी

केरबा वस्ताद दारात आला तेव्हा मी एका सीडीला शिव्या देत बसलो होतो. कुठल्याशा जत्रेतलं मैदान होतं. एक चांगला पोरगा समोरच्याला कंबरेवर घेतो, आणि नेमका तेवढ्यात कॅमेरेवाला सरपंचांचा फेटा दाखवायला जातो. परत आखाड्यात येतो तोवर कुस्ती संपलेली असते आणि हलगी वाजत असते. असल्या माणसाला आधी तालमीत झाडू मारायला लावला पाहिजे, असं मी हौसाला, म्हणजे आमच्या मंडळींना, सांगत होतो. ती तांदूळ निवडत होती. कुस्तीतलं तिला काही कळत नसे आणि ते तिनं कधी लपवलंही नाही.

तो जमाना कुस्तीच्या सीड्यांचा होता. प्रत्येक मोठ्या मैदानाची सीडी निघायची आणि बाजारात कांद्या-बटाट्यांच्या शेजारी विकायला बसायची. मी लंगोट सोडून बरीच वर्षं झाली होती. गुडघे गेले होते, कान तर केव्हाच मोडले होते, तोंड मात्र शाबूत होतं. सीडीच्या दुकानात उभा राहून कुठली कुस्ती खरी आणि कुठली आधी ठरवून केलेली, हे मी मोठ्यानं सांगत बसायचो. ते ऐकून तालुक्याच्या साप्ताहिकाच्या बेलेकर संपादकांनी मला सदरच देऊन टाकलं. आठवड्याला एक सीडी बघायची आणि तिच्यावर लिहायचं. मी सांगायचो, बेलेकर मराठी नीट करून छापायचे. हळूहळू त्या सदराला वजन आलं. मी ज्याला खरा म्हणायचो त्याला पुढच्या मैदानाचं बोलावणं जायचं, आणि ज्याला खोटा म्हणायचो त्याच्याकडे कुणी फिरकायचं नाही.

"बस की केरबा," मी म्हटलं.

"बसाय न्हाई आलो." त्यानं खिशातून एक सीडी काढून माझ्यासमोर धरली. "ही बघ. आन् लिव."

वेष्टनावर त्याच्या पोराचा फोटो होता. संपत हवेत उलटा, पाय आभाळाकडे, आणि त्याच्याखाली सातगोंडा. वर लाल अक्षरांत 'थरारक' असं छापलं होतं. विकणाऱ्यानं मैदानातल्या बाकीच्या सगळ्या कुस्त्या मागं टाकून हीच पुढं घेतली होती.

केरबा आणि मी एकाच तालमीत वाढलो. एकाच वस्तादाच्या हाताखाली माती खाल्ली, एकाच हौदात अंघोळी केल्या. मी मैदानं मारत फिरलो, तो तालमीत राहिला आणि पुढं तिचा वस्ताद झाला. संपत त्याचा एकुलता एक पोरगा आणि त्याचा सगळ्यात तयार पठ्ठ्या. आदल्या वर्षीच्या उरसात संपतची कुस्ती शिरोळकडच्या सातगोंडाशी लागली, सातगोंडानं त्याला फेकलं आणि संपतची मान गेली. तेव्हापासून तो खाटेवर होता. मानेखाली काही हलत नव्हतं. आई आधीच गेलेली, त्यामुळे भरवण्यापासून धुण्यापुसण्यापर्यंत सगळं केरबाच करत होता.

"तू बघितलीस का ही?" मी विचारलं.

"माज्यानं बघवत न्हाई. त्या दिशी बघितलं तेवढं बास झालं." तो म्हणाला. "पाडल्यावर सातगोंडानं गुडघा दिला मानेवर. आख्खं मैदान म्हणतंय. तालुका कुस्ती संघाची मीटिंग हाय, त्येला कायमचा बंद कराय पाहिजे. पर तिथं एकजण म्हणतो दिला, दुसरा म्हणतो न्हाई दिला. तू लिवलंस तर कुणी तोंड उघडायचं न्हाई."

"आन् दिला नसंल तर?"

केरबानं माझ्याकडे असं बघितलं की मला खाली बघावं लागलं.

"माजं पोरगं खाटंवर हाय, तातोबा. कुणीतरी केलंय न्हवं हे? आपसूक हुतंय व्हय असलं? मला नाव पाहिजे. छापून पाहिजे."

हौसानं चहा टाकते म्हटलं, पण तो थांबला नाही. पोराला एकटं सोडून आलो होतो, म्हणाला.

दुपारी मी सीडी लावली. खरं सांगायचं तर गुडघा दिसावा असंच मला वाटत होतं. केरबा माझा भाऊच म्हणायचा आणि सातगोंडा माझा कुणी नव्हता. गुडघा दिसला असता तर चार कडक ओळी लिहून मी मोकळा झालो असतो.

सातगोंडानं ढाक मारली होती. समोरच्याची मान आणि हात एकदम कवटाळून त्याला कंबरेवरून फेकायचं, त्याला आम्ही ढाक म्हणतो. स्वच्छ मारली होती. संपत चुकला तो हवेत चुकला. पाठ लागू नये म्हणून त्यानं ऐनवेळी अंग फिरवलं आणि डोक्यावर आला. मीही त्या वयात तेच केलं असतं, कारण पाठ लागण्याची लाज आम्हाला मान मोडण्यापेक्षा मोठी वाटत होती. सातगोंडा त्याच्यावर पडला, पण गुडघा मानेच्या पुष्कळ अलीकडे मातीत रुतला. मी ती जागा थांबवून बघितली, मागं नेऊन बघितली. गुडघा मातीतच होता.

इथं सीडी बंद करून मी उठलो असतो तर बरं झालं असतं. पण मला सवय अशी की कुस्ती संपल्यावरचंही बघायचं. हरलेला कसा उठतो, जिंकलेला त्याला हात देतो की नाही, यावरून मी माणसं ओळखायचो.

सातगोंडा उठला. त्यानं हात वर केला नाही. तो संपतकडे वाकला, मग आत घुसणाऱ्या लोकांना दोन्ही हातांनी मागं सारायला लागला. संपत उताणा पडलेला दिसत होता. आणि त्याचा पाय हलत होता. डावी टाच तो मातीत घासत होता, गुडघा जरासा वर घेत होता आणि सोडत होता. दुखणारा माणूस करतो तसं.

मग केरबा आत आला. सातगोंडा त्याला काहीतरी सांगत होता, केरबानं छातीला हात लावून त्याला बाजूला ढकललं. पोराच्या डोक्याशी तो मांडी घालून बसला. एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागं. आणि त्यानं मान ओढली, मग एका झटक्यात उजवीकडे फिरवली, मग डावीकडे.

यात नवीन काहीच नव्हतं. पोराची मान आखडली की वस्ताद ती अशी मोकळी करतो. कट्ट आवाज येतो, पोरगं मान चोळत उठतं आणि पुन्हा जोडीला उभं राहतं. आमच्या वस्तादानं माझी मान अशी कितीदा मोकळी केली असेल. मी स्वतः दुसऱ्यांची केली आहे. अंगावर पाणी मारावं इतकं ते आम्हाला साधं होतं.

दुसऱ्या झटक्यानंतर संपतची टाच थांबली.

मी मागं नेऊन पुन्हा बघितलं. मग पुन्हा. दर वेळी टाच तिथंच थांबत होती. हाड पडण्यातच मोडलं असेल, नाही असं नाही. डॉक्टरांनी मान मोडली एवढंच सांगितलं होतं. ती मोडली तेव्हा पाय जिवंत होते आणि नंतर गेले, हे त्यांना कोण सांगणार? मागून स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसांनी केरबाचं ते करणं बघितलंही नसेल, आणि बघितलं असेल तरी त्यात कुणाला वावगं काही दिसलं नसेल. मलाही त्या दिवशी मैदानात दिसलं नसतं.

हौसानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, सीडी खराब आहे.

संध्याकाळी केरबा म्हशीची धार काढायला गोठ्यात जातो हे मला माहीत होतं. मी तीच वेळ साधून त्याच्या घरी गेलो. संपतची खाट पुढच्या सोप्यात होती, समोर टीव्ही. एकेकाळी त्या पोराच्या मांड्या दोन हातांत मावत नव्हत्या. आता चादरीखाली काही आहे की नाही असं वाटत होतं. चेहरा मात्र तोच होता, हसरा.

"या काका. बघितलीसा?"

"काय?"

"सीडी. आबांनी दिली न्हवं तुमास्नी."

"बघितली."

तो छताकडे बघत राहिला. गोठ्यातून चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता.

"माजा पाय हालत हुता न्हवं?" त्यानं विचारलं.

मी गोठ्याच्या दाराकडे बघितलं.

"गप बसू नगासा काका. मला ठावं हाय. पडलो तवा मान दुखत हुती, पर पाय हुतं. माजं पाय मला कळत हुतं. आबांनी मान धरली. मी 'नगो' म्हणालो, पर त्या गलक्यात ऐकाय कुठनं येणार. अंगातनं आग गेली. मग काईच न्हाई."

"आन् वर्षभर गप ऱ्हायलास?"

"कुणाला सांगू? आबांस्नी?" तो हसला. मला ते हसू अजून सोसत नाही. "दर दोन तासांनी मला कुशीवर करत्यात. पाठीला भोकं पडू नयेत म्हणून. मी हागलेलं काढत्यात. त्यास्नी सांगू, की आबा, तुमच्या हातानं झालंय?"

"सातगोंडाचं काय मग? त्येचं पोट कुस्तीवर हाय. त्येला बंद करायचं चाललंय."

संपतनं डोळे माझ्याकडे वळवले. मान वळवता येत नव्हती, डोळेच वळवायचा.

"त्यो चालतोय की, काका," तो म्हणाला.

केरबा दुधाची चरवी घेऊन आत आला. मला बघून त्याला बरं वाटलं. त्यानं चरवी ठेवली, हात धुतले, पुसले आणि बोलता बोलताच संपतच्या मानेखाली एक हात घालून त्याला अलगद कुशीवर वळवलं. तान्ह्या पोराला आई वळवते तसं. मी निघालो.

दोन दिवस मला लिहायला जमलं नाही. लिहिलंच नाही तर केरबा दुसरा कुणी गाठणार, आणि सातगोंडाचा बळी जाणार. खरं सगळं लिहिलं तर केरबाचा जाणार. शेवटी मी बेलेकरांना एवढंच सांगितलं: ढाक स्वच्छ होती, गुडघा मातीत होता, सातगोंडानं वावगं काही केलं नाही, संपतनं हवेत अंग फिरवलं आणि घात झाला. पुढचं मी बोललो नाही. बेलेकर म्हणाले, नेहमीपेक्षा छोटं झालंय. मी म्हटलं, असू दे.

अंक निघाला त्याच दिवशी दुपारी केरबा आला. अंक त्याच्या हातात चुरगळला होता.

"काय दिलं त्यानं तुला?"

"कुणी काई दिलं न्हाई. गुडघा मातीत हाय, केरबा. मी किती येळा बघितलं."

"मग कुणी केलं?"

"नशीब म्हणायचं."

"नशीब नावाचा पैलवान मी बघितला न्हाई कुठं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "तू माज्यासंगं माती खाल्लीस. तुला माज्या पोराची कीव आली न्हाई. दे ती सीडी. मीच बघतो आता."

"फुटली ती," मी म्हटलं.

"तुजी फुटली. बाजारात ढीग पडलाय."

तो वळला. मी त्याचा हात धरला. "केरबा, नगो बघूस. माजं ऐक. तुला सोसायचं न्हाई." त्यानं हात सोडवून घेतला. त्याला वाटलं असणार, मी माझं खोटं उघडं पडेल म्हणून अडवतोय. दुसरं काय वाटणार?

मी चप्पल घातली आणि त्याच्या मागं गेलो. पण माझे गुडघे आणि त्याची चाल, मी त्याला कुठला गाठणार. तो बाजारात गेला म्हणून मी सरळ त्याच्या घराकडे वळलो. तरी मी पोचलो तेव्हा टीव्ही चालू होता. हलगीचा आवाज गल्लीतूनच ऐकू आला.

केरबा जमिनीवर बसला होता, टीव्हीच्या अगदी जवळ. मागं खाटेवरून संपत बोलत होता, "आबा, बंद करा. मला तरास हुतोय. आबा, खरंच तरास हुतोय." केरबाला ते ऐकू येत नव्हतं. त्याला रिमोट नीट चालवता येत नव्हता, तरी मागं न्यायचं बटण त्याला सापडलं होतं.

ढाक त्यानं बघितली. गुडघा बघितला. मान हलवली, बरोबर आहे म्हणून. माझ्याकडे वळून तो बोलणारच होता, बहुतेक चुकलो म्हणणार होता. तेवढ्यात पडद्यावर तो स्वतः आला.

वस्तादाची नजर ती. पोरांच्या पायांवर आयुष्य घालवलेला माणूस. मला तीनदा बघावं लागलं होतं, त्याला एकदाच पुरलं. तरीही त्यानं मागं नेलं. टाच हलतेय. मान ओढली. एक झटका, दुसरा झटका. टाच थांबली. त्यानं टीव्ही बंद केला.

मग संपत म्हणाला, "आबा, ते तसंच हुणार हुतं. डॉक्टर बी तेच म्हणालं." डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. त्याला बिचाऱ्याला जे सुचलं ते तो बोलला.

"तातोबा," केरबा म्हणाला, "तू बघितलंस न्हवं सगळं?"

"व्हय."

"मग सांग. तू सगळ्यास्नी सांगतोस, कुणाचं कुठं चुकलं. मान धरताना माजं कुठं चुकलं?"

मी विचार केला. खोटं सांगावं असंही मनात आलं. पण ते त्याला कळलं असतं.

"न्हाई चुकलं," मी म्हटलं. "आपल्या वस्तादानं शिकवलं तसंच हुतं."

त्यानं मान हलवली. आपण चुकलो असतो तर त्याला बरं वाटलं असतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. चूक असती तर ती त्या दिवसापुरती राहिली असती. इथं तर त्यानं जन्मभर जे केलं, तेच केलं होतं, आणि उत्तम केलं होतं. तालमीत मोकळ्या केलेल्या सगळ्या माना त्याला तेव्हा आठवल्या असतील. मला तर आठवत होत्या.

"आबा," संपत म्हणाला, "कुशीवर करा की मला. पाठ भरून आली."

केरबा उठला. खाटेजवळ गेला. हात पुढं केले आणि ते तसेच धरून उभा राहिला. मग त्यानं ते मागं घेतले.

"तातोबा, तू कर," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

मला कसं धरायचं तेसुद्धा माहीत नव्हतं. संपतच मला सांगत होता, "आधी मान, काका. मान हातात घ्या, मग खांदा." त्याची मान हातात घेऊन मी तसाच थांबलो. तो म्हणाला, "भिऊ नगा, आता काय व्हायचं ऱ्हायलंय." वळवून झाल्यावर त्याचं तोंड भिंतीकडे झालं, आणि तो रडतोय हे मला त्याच्या श्वासावरून कळलं. त्याचे डोळे मीच पुसले.

मी लिहिल्याचा सातगोंडाला काही उपयोग झाला नाही. संघानं त्याला बंद केलं नाही, पण माणूस जायबंदी केलेल्या पैलवानाला घ्यायला मैदानवाले बिचकतात. त्याला कुठलं बोलावणं आलं नाही. पुढं तो साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवताना मला दिसायचा. भेटला की नमस्कार करायचा. मी त्याला वाचवलं असं त्याला वाटायचं. सदर मी सोडून दिलं. बेलेकर दोनदा घरी आले, मी नाही म्हटलं.

केरबानं तालीम सोडली. तो म्हशी सांभाळायचा, दूध घालायचा, स्वयंपाकही करायचा. भाकरी थापून दारात आणून ठेवायचा आणि गोठ्यात जाऊन बसायचा. पोराच्या अंगाला मात्र त्यानं पुन्हा हात लावला नाही. संपतचं करायला आम्ही पाळी लावली, मी, हौसा आणि शेजारच्या दोघीजणी. पण आम्हाला त्याच्यासारखं जमत नव्हतं. उन्हाळ्यात संपतच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, वरचेवर वळवा. आम्ही वळवत होतो तितकं वळवत होतो.

संपतनं पुढचं वर्ष, जाईपर्यंत, तसंच काढलं. मी गेलो की आधी विचारायचा, आबा जेवले का. मग गोठ्याच्या दिशेनं हाक मारायचा, "आबा, या की जरा." रोज मारायचा, अगदी शेवटी आवाज फुटत नव्हता तेव्हाही.

"आलो," केरबा गोठ्यातून म्हणायचा. दर वेळी म्हणायचा, लगेच, मायेनं. आणि यायचा नाही.